शर्टाचं बटण आणि तांब्याची चकती

“महाराज, तुमच्या खिशात चष्मा कशाला?”

प्रश्न माझा नव्हता, पैजेचा होता. माझ्या दोन मैत्रिणी आहेत. एक रेडिओ, कारण ती झोपेतही बोलते आणि दुसरी पेन्सिल, कारण ती तशी दिसते. भर गर्दीत हे विचारून दाखवलंस तर आठवडाभर तुझी भूमितीची वही आम्ही लिहू, असं दोघींनी कबूल केलं होतं. गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नसे. यंदा वक्तृत्वात पहिली आले आणि तेव्हापासून कार्टीच्या तोंडाला कुलूपच राहिलं नाही, असं आईचं मत आहे. तर मी विचारलं.

पण आधी ती गर्दी बघा. बंद पडलेलं फर्निचरचं दुकान आणि त्यात दर शनिवारी दोनशे माणसं, बहुतेक सगळी मधुमेहाची. मधोमध खुर्चीवर महाराज. डोक्यावर एवढा प्रखर दिवा की टक्कल असलेल्यांनी पुढे बसूच नये. हातात रुपयाएवढी तांब्याची चकती आणि चकतीला मधोमध बारीकसं भोक.

“साखर रक्तात, अंधार डोळ्यांत,” महाराज सांगत होते. “गोळी जाते पोटात. तिला डोळ्याचा रस्ता कोण दाखवणार? बिचारी वाट चुकते. ही चकती तेज थेट आत सोडते. आणि दवाखान्यात जाऊ नका हं. तिथे थेंब टाकून बाहुली फाकवतात आणि आत दिवा मारतात. एकदा फाकलेली बाहुली पुन्हा मिटत नाही.”

दोनशे माणसांनी पटकन डोळे मिटून घेतले.

मग सुईची परीक्षा. महाराजांनी माझ्या पप्पांनाच पुढे बोलावलं. पप्पा शिंपी आहेत. मधुमेह अकरा वर्षांचा. गेले काही महिने त्यांची कॉलर तिरकी जात होती आणि सुई आईच ओवून द्यायची.

“कुठल्या डोळ्याने जास्त त्रास?”

“उजव्या.”

“मग तो मिटा. त्याला विश्रांती हवी आहे. चकती डाव्याला लावा.”

शिष्याने सुई दिव्याखाली धरली. पप्पांनी एका हाताने चकती डोळ्याला लावली, दुसऱ्या हाताने दोरा नेला आणि पहिल्याच खेपेला ओवला. हॉलमधून मोठा सुस्कारा निघाला. पप्पांचा चेहरा असा झाला, जणू हरवलेलं मूल सापडलंय.

नेमकं तेव्हाच मी चष्म्याचं विचारलं. वाईट वेळ निवडली, हे मान्य.

महाराज गोड हसले. “बेटा, हा चष्मा माझा नाही. इथे आलेल्यांचा अंधार संध्याकाळी मी स्वतःच्या डोळ्यांवर घेतो. तेव्हा लागतो.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. इस्त्रीवाल्या काकूंनी डोळे पुसले. पप्पांनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

“नाक कापलंस माझं.”

“पप्पा, त्यांनी उत्तर दिलं नाही, नुसता...”

“मी सुई ओवली. तू बघितलंस ना? मग?”

मग काय. ओवली होती खरी.

घरी शिलाई मशीनच्या खणात आरोग्य केंद्राची चिठ्ठी पडली होती: डोळ्याच्या पडद्याची तपासणी, लवकर. तिला चार महिने झाले होते. आई ती रोज वर काढून ठेवायची, पप्पा रोज ती खडूच्या डबीखाली सारायचे. मशीन चालवता चालवता ते मधूनच हवेत हात मारायचे.

“माशी आहे का?” आई विचारायची.

“हं. एक काळी माशी आहे. जातच नाही.”

घरात माशी नव्हती. मला दिसत होतं, आईला दिसत होतं.

त्या आठवड्यात घरी पप्पांच्या मशीनजवळ बसले असताना माझ्या चष्म्याची काडी निखळली. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर म्हणजे नुसता पांढरा डाग. चाळा म्हणून मी बटणांच्या डब्यातलं एक जुनं शर्टाचं बटण उचलून डोळ्याला लावलं. त्याच्या तीन भोकांत तुटका दोरा अडकला होता, एकच मोकळं होतं. त्यातून बघते तर कॅलेंडरवर सतरा, अठरा, एकोणीस. लख्ख.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाईंच्या टेबलावर बटण ठेवलं. बाईंनी चष्मा काढून ते लावलं, फळा वाचला आणि खो खो हसल्या. “अगं, धूसर का दिसतं? चारी बाजूंनी शिरलेला प्रकाश नीट एका जागी जमत नाही म्हणून. बारीक भोकातून फक्त सरळ येणारे थोडे किरण शिरतात आणि चित्र रेखीव होतं. प्रकाश कमी पडतो म्हणून वर मोठा दिवा लावायचा. डोळा तसाच राहतो. भोक काढलं की धूसर परत हजर.”

पुढच्या शनिवारी मी, रेडिओ आणि पेन्सिल तीस बटणं घेऊन त्या दुकानाच्या दारात उभ्या राहिलो. प्रत्येकात तीन भोकांत दोरा, एक मोकळं. रेडिओने ओरडून माणसं जमवली. रांगेतल्या एका बसचालक काकांनी बटणातून समोरची पाटी वाचली.

“काका, गाडी चालवताना स्टिअरिंग धरता की चकती?” पेन्सिलने विचारलं.

माणसं हसली. आतले महाराज एकदम ध्यानाला बसले. मी सगळं समजावलं, किरण, भोक, दिवा. वक्तृत्वातही इतकं चांगलं बोलले नव्हते. बोलणं संपल्यावर इस्त्रीवाल्या काकू पुढे आल्या.

“पोरी, तुझ्या हाताला गुण आहे गं. मला दोन दे. एक ह्यांच्यासाठी.”

“काकू, यात गुण-बिण काही नाही. साधं बटण आहे.”

“असू दे. तूच दे पण. तुझ्या हातचं.”

पाच मिनिटांत तीसही बटणं गेली. कोणी रुमालात बांधली, कोणी डोळ्यांना लावली. एका आजोबांनी विचारलं, काळं बटण जास्त चालतं की पांढरं? मी रिकामा डबा घेऊन उभी. हसावं की रडावं, कळेना.

घरी बटणांची बातमी आधीच पोचली होती. पप्पांनी हात पुढे केला. माझं ते पहिलं बटण खिशातच होतं. डाव्या डोळ्याला लावून त्यांनी कॅलेंडर वाचलं. मग बटण उलटंपालटं करून बघितलं.

“म्हणजे तेज वगैरे काही नव्हतं.”

“नव्हतं. आता उजव्याला लावा.”

महाराजांनी तो डोळा मिटायलाच लावला होता. पप्पांनी बटण तिकडे नेलं. उजेडाकडे वळले. पुन्हा वळले.

“माशी आहेच,” ते हळू म्हणाले. “भोकातूनही आहे. जाळं झालंय तिचं.”

आईने खणातून चिठ्ठी काढली.

दवाखान्यात थेंब टाकले, बाहुल्या मोठ्या झाल्या आणि संध्याकाळपर्यंत आपोआप लहान झाल्या. डॉक्टरबाई साधं बोलल्या. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या साखरेने झिरपत होत्या. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं, तीच माशी. डाव्यातही सुरुवात झाली होती आणि पप्पांना त्याचा पत्ताही नव्हता. “सुरुवातीला दुखत नाही, दिसायचंही कमी होत नाही. म्हणूनच तक्रार नसताना वर्षातून एकदा यायचं. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवायचा. आता लेझरने डावा वाचवायचा प्रयत्न करू. उजव्याचं किती परत येईल, सांगता येणार नाही.”

“चार महिन्यांपूर्वी आलो असतो तर?” आईने विचारलं.

डॉक्टरबाईंनी कागदावर पुढची तारीख लिहिली.

परत येताना पप्पा माझा हात धरून चालले. पायरी आली की मी “पायरी” म्हणत होते. एवढंच करता येत होतं.

काल जेवताना मी दोघांना सांगून टाकलं. “दर शनिवारी मी त्या रांगेत जाणार. बटणं नेणार नाही आणि महाराजांना काहीच विचारणार नाही, त्यांच्याकडे उत्तरं फार आहेत. रांगेतल्या एकेकाला विचारणार, तुमच्या डोळ्याचा पडदा शेवटचा कधी तपासला? तपासलाच नाही म्हणाले तर त्यांच्याबरोबर दवाखान्यात बसणार. लोक ओरडतील, ओरडू देत. पप्पा, तुम्ही जाऊ नकोस म्हणालात तरी जाणार. आलात तर माझ्या उजव्या बाजूला उभे राहा, तिथून मी तुमच्या डाव्या डोळ्याला दिसेन.”