मागच्या चाकाचं औषध

शके अठराशे अठरात धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला आणि कल्याणच्या भाऊंना आपल्या जावयाला कोंडीत पकडायला आयताच मुहूर्त सापडला.

जावई त्र्यंबक ठाण्याच्या कचेरीत कारकून. त्याची बायको सुमती चार महिन्यांपूर्वी माहेरी गेली ती तिकडेच अडकली. कारण मधल्या काळात त्याने मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या इंजिनियराची पायगाडी विकत घेतली, आणि ही वार्ता त्याच्याआधी कल्याणला पोहोचली. दोन चाकांवर जो स्वतःचा तोल सांभाळू शकत नाही तो माझ्या पोरीचा संसार काय सांभाळणार, असं भाऊंचं मत पडलं. भाऊंना मतं फार, आणि एकदा झालेलं मत बदलणं त्यांना भाड्याचं घर बदलण्याइतकं सोपं कधीच नव्हतं.

धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं, त्यात अट होती. 'पानं मांडायच्या आत गाडीवर बसून दारात आलात, तर सुमतीला घेऊन जा. गाडी हाताने ढकलत आलात, तर आधी गाडी विका, मग बोलू.'

आता गंमत अशी की त्या गाडीची रबरी धाव म्हणजे सबंध शिवलेली नळी, चाकाला डकवलेली. भोक पडलं तर आतून ठिगळ लावायची सोय नाही. नुसतं टेंभी नाक्यापर्यंत जाऊन येईतो ती दोनदा बसली होती, आणि कल्याणच्या वाटेवर तर बाभळीच बाभळी. त्र्यंबकची झोप उडाली. बायको नाही तर पायगाडी, दोन्हींतलं एक जाणार, आणि खरं सांगायचं तर चार महिन्यांत त्याला सुमतीची आठवण इतकी येत होती की घरातला तिचा रिकामा पाटही तो उचलू देत नसे.

कचेरीतल्या मधूने मुंबईच्या फोर्टातून एक बाटली आणून दिली. "हे धावेत ओतायचं. काटा शिरला की रस भोकाशी येतो, वाळतो, भोक बंद. साहेब लोक हेच वापरतात."

त्र्यंबकने बाटली फडताळात ठेवली. घर सांभाळणाऱ्या त्याच्या विधवा सगुणाआत्याने ती उघडून हुंगली.

"कशाचं आहे रे हे?"

"सरेस असेल," त्र्यंबक भाबडेपणाने बोलून गेला.

"म्हणजे हाडांचा?"

"असेल."

आत्या यावर काहीच बोलली नाही. आत्या बोलली की वादळ येतं नि जातं. आत्या गप्प बसली की समजावं, निर्णय झाला. पण त्र्यंबकचं चित्त कल्याणला होतं.

निघायच्या आदल्या सकाळी त्याने बाटलीतला रस दोन्ही चाकांत ओतला. रस बराच दाट वाटला. उन्हाने आटला असेल म्हणून त्याने त्यात चार घोट पाणी मिसळलं आणि हवा भरली. दानासाठी तेहतीस अनारसे व्हायचे होते, ते बावीसच झाले, म्हणून आत्या दिवसभर कुरकुरत होती. पीठ कमी पडलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी कळव्याची खाडी नावेतून ओलांडून तो निघाला. पहिला काटा मुंब्र्याच्या अलीकडे. फुस्स झालं, भोकातून तपकिरी बुडबुडा आला, आणि थांबला. त्र्यंबक उतरला, वाकून बघत राहिला आणि विलायती शास्त्रापुढे त्याने मनोमन हात जोडले. मानपाड्यापर्यंत नऊ काटे झाले आणि नवलाची गोष्ट, चाकं मऊ पडायच्याऐवजी टणक होत चालली. हवा भरायचं तर त्याने नावही काढलं नव्हतं.

पानं मांडली जायच्या आत तो भाऊंच्या दारात गाडीवर बसून हजर झाला. भाऊंनी तोंडातल्या तोंडात "या" म्हटलं. जेवण झालं, चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे आणि दिवा ठेवून वाण दिलं गेलं, आणि सुमतीने आतून एकदा बघितलं तेवढ्याने त्र्यंबकच्या नऊही काट्यांचं सार्थक झालं.

पण हरलेला माणूस खोट शोधतोच. भाऊ सोवळ्यातच अंगणात आले. गाडी उन्हात तापत उभी होती. मागच्या चाकात एक मोठा काटा तसाच रुतलेला होता.

"हा ठेवून कशाला मिरवायचा?" म्हणून त्यांनी वाकून तो उपटला.

आतून जी चिळकांडी उडाली ती भाऊंच्या कपाळावर, मिशीवर, रेशमी सोवळ्यावर आणि उघड्या तोंडात.

"त्र्यंबकराव, काय आहे हे?" भाऊंनी सोवळं झटकत विचारलं.

खोटं बोलायला लागणारी चपळाई त्र्यंबकच्या घराण्यातच नव्हती. "औषध आहे. सरेस... हाडांचा."

"धोंड्याच्या महिन्यात, सोवळ्यात, माझ्या तोंडात हाडं," भाऊ एकेक शब्द मोजून म्हणाले. "सुमती येणार नाही. आज नाही, कधीच नाही."

सगळा रस्ता जिंकून तो अंगणात हरला होता.

सुमती पंचा घेऊन धावली. वडिलांचं कपाळ पुसता पुसता ती थांबली. तिने बोट हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"भाऊ, हे अनारशाचं पीठ आहे. आंबलंय."

भाऊंची जीभ आपसूक मिशीवर फिरली. मग पुन्हा एकदा, चौकशी केल्यासारखी.

"गूळ जास्त झालाय," ते शेवटी म्हणाले.

त्र्यंबकच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. दाट झालेला रस, आत्याचं गप्प बसणं, कमी पडलेलं पीठ, उन्हात आंबून आपोआप फुगलेली चाकं. हाडं मोरीत ओतून आत्याने बाटलीत घरातली सर्वांत चिकट आणि सर्वांत पवित्र वस्तू भरली होती. त्याला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"सगुणाबाईंच्या हातचं का?" भाऊंनी विचारलं.

"हो."

"तरीच." भाऊ पंच्याने मिशी पुसत घरात गेले, आणि आतूनच ओरडले, "दमणीला बैल जोडायला सांगा. पोरीला तिच्या घरी जायचंय."

बैलांना पाणी पाजेतो मागचं चाक पार बसलं. त्र्यंबक त्याच्याशेजारी उकिडवा बसून, आता ही गाडी दमणीला बांधावी की काय, असा विचार करत होता. तेवढ्यात सुमती आली. बगलेत कपड्यांचं गाठोडं, आणि हातात झाकलेली वाटी. वडील आत असले तरी कान बाहेरच असणार, म्हणून ती चाकाकडेच बघत हळू म्हणाली, "एवढं पुरेल ना? गूळ बेताचाच घातलाय."