अंबाडीची दोरी आणि मनकर्णेची फडकी

मी एक जुनी अंबाडीची दोरी आहे. अंजनगावाजवळच्या एका खेड्यात बुधाजीने मला वळले. शेताच्या बांधावरची, धुऱ्यावरची अंबाडी त्याने नाल्याच्या डोहात कुजवली, सोलली आणि मांडीवर पीळ देऊन मला घडवले. "बैल बांधला तरी तुटनार नाही," असे तो म्हणाला. पण मला बांधले त्याच्याच अंगणात, कपडे वाळवायला.

मित्रांनो, माझ्यावर घरातले सगळे कपडे झुलले. फक्त बुधाजीच्या सुनेची, मनकर्णेची पाळीची फडकी कधी आली नाहीत. ती चोरून गार पाण्यात धुतली जात आणि ओलीच पराट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगात खुपसली जात. पुढच्या महिन्यात तीच काढायची. साऱ्या गावात हीच रीत होती.

बासष्ट साली मनकर्णा कापूस वेचायला जाईनाशी झाली. अंगावरून पांढरे जाई, त्याला वास येई, ओटीपोट दुखे, ताप चढे. सूर्यभानशी लग्नाला चार वर्षे झाली होती, मूल नव्हते. सासू केशरबाई माझ्याखाली बसून बुधाजीला म्हणाली, "बाहेरचं लागलं इले. सूर्यभानले दुसरी पाहू."

मनकर्णेने ते ऐकले. ती एकटीच दवाखान्यात गेली आणि डॉक्टरच्या गोळ्या घेऊन, नर्स सत्यवतीबाईंसह परतली. बाईंनी ढिगातून एक फडके ओढले. त्यावर बुरशी होती.

"बाहेरचं नाही, हा जंतूंचा आजार आहे. फडकं हे एकच कारण नाही, पण ओलं फडकं धोक्याचंच. ते उकळून उन्हात वाळव. गोळ्या पुऱ्या घे. दुखणं लपवलं, तर ते आत पसरतं, मग मूल राहणं कठीण. आणि हा आजार नवरा-बायकोत एकमेकांना लागू शकतो, म्हणून सूर्यभानलाही तपासायला पाठवा."

"माह्या पोराले काय झालं?" केशरबाई कडाडली.

"काही झालं नसंल, तर भेव कायचं?" मनकर्णा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने चार फडकी माझ्या मधोमध टाकली. केशरबाई ती ओढायला धावली. तेवढ्यात वाटेवरून भगवंतराव गेले. त्यांच्याच कपाशीत हे घर वेचणी करी. ते हसले, "बुधाजीकडं तोरन लागलं वाटते!"

केशरबाईचा हात थांबला. "माहे दोन गरभ गेले, भगवंतराव, दुखनं लपवता लपवता. वर काय पाहता? रस्त्यानं चाला!"

तिने फडके ओढले नाही, सरळ करून नीट पसरले.

सूर्यभान कुरकुरत का होईना, दवाखान्यात गेला. मनकर्णेचा ताप उतरला, ती पुन्हा वेचणीला जाऊ लागली. मूल झाले की नाही, ते मी सांगणार नाही. दुसरी मात्र आली नाही.

आता माझे धागे सुटले आहेत. मला सांभाळा, असे मी म्हणणार नाही. दोरी नवी वळता येते, आई-बहीण नवी आणता येत नाही. त्यांची फडकी उन्हात येऊ द्या, त्यांचे दुखणे दवाखान्यात जाऊ द्या. आणि कोणी हसलेच, तर त्याला सांगा, "वर काय पाहता? रस्त्यानं चाला!"