झेंडेवाला

"विमानासमोर झेंडा धरून उभं राहायचं, हा काय धंदा झाला रे?" सुपातली सुकेळी निवडताना प्रेमलताबाईंनी मान वर न करता विचारलं.

"रोजी भेटे, माय," ओटीच्या पायरीवर अंग चोरून बसलेला काशीराम म्हणाला. "कपाशीच्या टोकाले उभं राहाचं. विमान झेंडा पाहून सरळ येते, फवारते, डोक्यावरून जाते. मंग आपन बाजूले सरकाचं."

"मी तुझी माय नव्हे. पाणी पी."

गेल्या साली तिकडे विदर्भात, बोंडअळीच्या फवारणीत, बाईंच्या वैमानिक लेकाच्या, हरेश्वरच्या, विमानाचं इंजिन हवेतच बंद पडलं. लेक गेला आणि मागे एक वाक्य घरात येऊन बसलं. इंजिन बंद पडल्यावर सरळ उतरायचं असतं, हरेश्वरने विमान वळवलं, चूक त्याचीच. आधी कंपनीचा साहेब बोलला. मग भावकी बोलली, तीही बाईंचाच चहा पिता पिता. बाईंनी सगळ्यांना कपबशीसकट उठवलं. तेव्हापासून त्या ओटीवर कुणी चढत नव्हतं. वाडीतल्या विहिरीवर पंपाचं इंजिन धडधडे, तेवढीच सोबत.

काशीराम यवतमाळाकडून पत्ता विचारत विचारत भुईगावात आला होता.

"तू खाली होतास. का वळला तो?"

"समोर मी होतो जी."

"पळायला पाय नव्हते?"

"आवाज बंद झाला. मले वाटलं, वाऱ्यानं ऐकू नसन येत. विमान तं रोजच अंगावर ये. मुकादम म्हने, झेंडा खाली केला का फवाऱ्याचा पट्टा चुकते. मी आनखी उंच धरला."

"साहेबाला सांगितलंस?"

"मले कोनी इचारलंच नाही."

बाई उठल्या. वलणीवरचा पांढरा पंचा ओढून त्याच्या अंगावर टाकला. "चल. उभा राहून दाखव."

केळींच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या वाटेच्या टोकाला तो पंचा उंच धरून उभा राहिला. बाई दुसऱ्या टोकाला, विहिरीपाशी. त्यांनी पंपाचं इंजिन बंद केलं. वाडी एकदम मुकी झाली.

त्या चालू लागल्या. वाट सपाट होती, सरळ होती. कुणीही उतरलं असतं. वाटेत फक्त एक माणूस होता. त्याचे दंड भरून आले होते, पंचा मात्र खाली येत नव्हता.

"इथून वळला?"

"आनखी थोडं... हो. तिथून. डाव्या अंगाले बाभूळ होती, तिच्याकडं."

बाई डावीकडे वळल्या. दोन पावलांवर केळी आडव्या आल्या. तिथेच, झाडांकडे तोंड करून, त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. पाटातलं पाणी वाहायचं थांबलं.

मग मागे न वळता म्हणाल्या, "आता हात खाली कर, बाबा. दमला असशील."