रडणाऱ्या पोत्याचे मीठ

मित्रांनो, तोंड एवढे मोठे असूनही मला बोलायची संधी कधी मिळाली नाही. तोंडावर सदा झाकण. आज मात्र सांगतोच. मी एक जुना रांजण आहे. दक्षिण कोरियात, समुद्रापासून थोडे आत असलेल्या एका गावात, घराच्या मागच्या अंगणातल्या दगडी चौथऱ्यावर मी उभा असतो.

माझ्या कुंभाराने मला भट्टीतून काढले, बोटाने टिचकी मारली आणि तो म्हणाला, "याच्या अंगाला श्वास आहे." तेव्हापासून मी श्वास घेतो आहे. बाहेरचा वारा आत येतो, आतला वास बाहेर जातो. माझ्या पोटात सोयाबीनचा काळा खार आहे, जेवणाला चव देणारा पातळ रस. तो या घराचे विरजण आहे, असे समजा. दर वसंतात नवा खार तयार झाला की त्यातला थोडा माझ्यात ओततात. जुना नव्याला आपली चव शिकवतो. घरातल्या कितीतरी सुना आल्या, म्हाताऱ्या झाल्या, गेल्या. खार संपला नाही. गावात म्हणतात, खाराची चव फिरली की घर फिरते.

ती चव फिरण्याची वेळ एकदा आली होती. तेच सांगायचे आहे.

त्या वर्षी थंडी कडक होती. घरच्या सासूबाईंना गावात सगळे हादोंगवाली म्हणत, कारण त्यांचे माहेर हादोंगचे. त्या तापाने फणफणल्या आणि त्यांना शहरातल्या दवाखान्यात नेले. खार घालायचा महिना तोंडावर आलेला. निघताना त्या सुनेला एवढेच म्हणाल्या, "इनसुन, सोयाबीनच्या ढेपा तयार आहेत. पाणी विहिरीचंच घे. बाकी तुला ठाऊक आहे."

पण बाकीचे इनसुनला ठाऊक नव्हते, आणि तसे म्हणायची ही वेळ नव्हती.

इनसुन शहरात वाढलेली, हाताने नीटस आणि मनाने सतत धास्तावलेली. तिची लेक सोरा तीन वर्षांची. सोरा खोकली की इनसुन उठून बसायची. सोयाबीन तर शरदातच तिने एकेक दाणा पारखून निवडले होते. किडका, सुरकुतलेला, फुटका, सगळे बाजूला. ते शिजवून, कुटून सासूबाईंनी ढेपा वळल्या आणि भाताच्या पेंढ्याने बांधून छताला टांगल्या. आता इनसुनने त्या उतरवून घासून धुतल्या.

शेजारच्या बोसोंगवाल्या काकू कुंपणावरून डोकावल्या. "अगं सोराच्या आई, साबण नाही ना लावलास? शहरातल्या पोरींचं काही सांगता येत नाही!"

"लावला ना काकू, वासाचा!" इनसुनने उत्तर दिले. दोघी हसल्या. मीही माझ्या परीने हसलो.

मग ती माझ्या समोरच्या मिठाच्या खोपटात शिरली आणि माझे हसू थांबले.

तिथे दोन पोती होती. एक कोपऱ्यात लाकडी फळ्यांवर ठेवलेले, आक्रसलेले, मळकट. दुसरे नुकतेच आलेले, फुगलेले, आतले मीठ पांढरेशुभ्र. त्या नव्या पोत्याखाली जमीन ओली होती. थेंब, थेंब. समुद्राच्या मिठातला कडवटपणा असाच पाण्याबरोबर गळून जातो, आणि त्याला वर्षे लागतात. जे पोते अजून रडते आहे, त्याचे मीठ खाराला घ्यायचे नसते. हे या घरातल्या भिंतींनाही माहीत होते. पण भिंती सुनेशी बोलत नाहीत.

इनसुनने मळकट पोत्यातले मूठभर मीठ तळहातावर घेतले. "शी! हे माझ्या बाळाच्या पोटात घालू?"

आणि मित्रांनो, तिने काय करावे? अंगणाच्या पायऱ्यांवर बर्फ गोठले होते. सोरा घसरेल म्हणून तिने ते जुने, जपलेले मीठ सगळेच्या सगळे पायऱ्यांवर पसरले! बर्फ करकरत वितळले. मला ओरडावेसे वाटले. रांजण ओरडला तर फुटतो.

नव्या मिठाचे पाणी केले. त्यात अंडे सोडले, ते बरोबर तरंगले. खारटपणा मोजता येतो. कडूपणा अंड्याला कळत नाही. माझ्या शेजारच्या रांजणात ढेपा, पाणी, लाल मिरच्या, कोळशाचे निखारे, सगळे रीतीप्रमाणे पडले. गळ्याभोवती पेंढ्याची दोरी बांधली. ऊन पडले की इनसुन झाकण उघडायची, ढग आला की धावत येऊन लावायची. इतकी काळजी! आणि मला रोज तिकडून तो चिवट, जिभेच्या मुळाशी बसणारा वास येत होता.

प्लमची फुले गळून गेली तेव्हा हादोंगवाली घरी परतल्या. वाळल्या होत्या. तरी दुसऱ्याच सकाळी चौथऱ्यापाशी आल्या. ढेपांचा गाळ वर्षभराच्या आमटीसाठी वेगळा काढला, खार गाळला. त्यांनी बोट बुडवून चाटले.

"छान झालाय."

काकूंनीही चाटले. त्यांची भुवई हलली. त्यांनी हादोंगवालींच्या खोल गेलेल्या गालांकडे पाहिले. "हो की... खारट आहे, खारच तो!" म्हणाल्या आणि बाहीचा धागा ओढत बसल्या.

"ओत मग विरजणात," सासूबाई म्हणाल्या.

माझे झाकण उघडले. इनसुनने पळी भरली. पळी माझ्या तोंडावर आली. एक धार, आणि इतक्या सुनांचे सगळे संपले असते. काळ्या खारात मला तिचा चेहरा दिसत होता. तिनेही चाटले होते. काहीतरी खटकले होते. पण थोरांच्या जिभेपुढे आपली जीभ काय!

तेवढ्यात सोरा भाताचा गोळा घेऊन आली. नेहमीसारखा तिला त्यावर थेंब हवा होता. इनसुनने पळीतला थेंब टाकला. सोराने तोंडात घातला आणि थुंकला.

"कडू!"

"पोरांचं काय ऐकतेस? ओत," सासूबाई म्हणाल्या.

इनसुनने पळी बाजूला ठेवली. माझ्यातला एक थेंब जिभेवर घेतला, मग नव्याचा.

"आई, मी हा ओतणार नाही."

"मग दे, मी ओतते!" हादोंगवालींनी पळी उचलली. इनसुनने आपला तळहात माझ्या तोंडावर आडवा धरला. तो हलला नाही.

"आई, तुम्हाला खरंच कडू लागलं नाही?"

पळी खाली आली. सासूबाई पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "मला काहीच लागत नाही गं. तापानं जीभ लाकूड केलीय. पाणी काय, खार काय. सांगू कुणाला? खार चाखणारी बाईच आंधळी झाली म्हणून?"

काकू हळूच बोलल्या, "आणि मी कळूनही गप्प बसले."

"मीठ कुठल्या पोत्यातलं?" सासूबाईंनी विचारले.

"नव्या. पांढरं, स्वच्छ होतं."

"आणि जुनं?"

इनसुनने सासूबाई बसल्या होत्या त्या पायरीकडे पाहिले. "बर्फावर टाकलं, सोरा घसरू नये म्हणून."

"अगं बाई!" काकू म्हणाल्या, "म्हणजे साऱ्या गावात सगळ्यात महागडी पायरी तुमचीच! आणि तू तिच्यावर बसलीयस, हादोंगवाली!"

आधी हसल्या त्या हादोंगवालीच. मग डोळे पुसून सुनेला म्हणाल्या, "चूक माझी. नीट सांगितलं नाही. पण आजपासून या घराची जीभ तू. माझ्यापुढेसुद्धा हात आडवा घालायचा, असाच."

त्या वर्षी माझ्यात काही ओतले नाही. काकूंनी आपले जुने मीठ दिले, त्याचा खार पुढच्या वसंतात आला. मधल्या काळात माझी पातळी उतरली आणि आतल्या कडेला मिठाचे एक पांढरे वर्तुळ उरले. ते अजून आहे. सोरा आता मोठी झाली. झाकण उघडले की ती त्यावरून बोट फिरवते.

मित्रांनो, चांगल्या दाण्यांवर, चांगल्या पाण्यावर माया करा, पण मिठाला त्याचे रडून घेऊ द्या; पांढरे दिसते म्हणून घाई करू नका. आणि जिभेला कडू लागले तर, समोर कुणीही असो, तळहात आडवा धरा. माझ्या पोटातले ते वर्तुळ रिकाम्या वर्षाचे आहे. पण त्याच वर्षी मी वाचलो.