लहानूचा डावा हात

"इवाई, आता हलवू नका जी गाडी," भय्याजी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, ओरडले. तोवर हार्वेस्टरचं पुढचं चाक निम्मं चिखलात गेलं होतं.

हेच त्यांनी पाच मिनिटं आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पाच मिनिटं आधी ते त्याच धुऱ्यावर उभे राहून मला हातानं बोलवत होते, या, या, या. बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, त्या कोपऱ्यात पाणी चकाकत होतं. मला दिसत होतं, आंधळा नाही मी. पण हात म्हणाला या, आणि मी गेलो.

"कावून गेले जी तिकडं?" भय्याजी जवळ येऊन म्हणाले.

"तुमी बलावलं."

"मी बलावलं, पण तुमाले पाणी नाई दिसलं काजी?"

"दिसलं."

"मंग?"

"मंग काय, तुमी बलावलं."

भय्याजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. त्यांचा दोष नाही. ते माझ्या दिपालीचे सासरे, म्हणून आम्ही इवाई, व्याही. नंदिनीच्या खाणीत नोकरी झाली, जवळच्याच गावात शेती घेऊन राहिले. माणूस सरळ आहे. दोष माझ्या नोकरीचा. तेहतीस वर्षं मी भिलाईच्या पोलाद प्लांटात क्रेन चालवली. साठ फुटांवर केबिन, खाली उकळत्या लोखंडाचं भांडं, आणि मधे धूर. वरच्याला खालचं धड दिसत नाही. खाली सिग्नलवाला उभा असतो. त्याचा हात वर तर वर, हात थांबला तर थांबायचं. क्रेनवाल्याची अक्कल खालच्या माणसाच्या हातात. तिथं स्वतःचं डोकं चालवायला गेलं की कोणाच्या तरी जिवावर बेततं. रिटायर झालो, हा जुना हार्वेस्टर घेतला, भिलाईपासून अहिवाऱ्यापर्यंत धान कापत फिरतो, मजेत आहे. पण समोर हात हलला की माझा पाय आपोआप दबतो. बायको मनकर्णा म्हणते, तुमाले कोणी विहिरीतून बलावलं तरी जासाल.

पश्चिमेकडून आभाळ भरून येत होतं. कन्हार माती म्हणजे काळी, लोण्यासारखी. त्यावर अजून एक पाऊस पडला असता तर गाडी तिथंच बसली असती, ती उन्हाळ्यापर्यंत. गावातलं निम्मं धान अजून उभं होतं.

"जेसीबी बलावू काय?" शेजारच्या बांधीतला एक जण म्हणाला.

"नको बापा," मी म्हणालो. मागच्या साली एका बाहेरच्या हार्वेस्टरला जेसीबीनं पुढून हिसका दिला होता. पुढचा भाग निघाला, मागचा बांधीतच राहिला. फसलेली गाडी ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं मागं काढायची असते, आणि हळू. म्हशीसारखी. शेपूट पिळून म्हैस उठत नाही.

टाकीतलं धान उतरवलं. चाकांच्या मागची माती फावड्यानं उतरती केली, त्यात तणस, धानाचा पेंढा, भरलं, वरून फळ्या टाकल्या. तारेचा जाड दोर गाडीच्या पोटाखालून घेऊन पुढच्या एक्सलला बांधला आणि दुसरं टोक मागं रस्त्यावर, ट्रॅक्टरला. ट्रॅक्टरवर दिपाली. भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये वाढलेली पोरगी, लग्नाआधी स्कूटीशिवाय काही चालवलं नव्हतं. आता सासऱ्यापेक्षा बरा ट्रॅक्टर चालवते, आणि सासरा ते चारचौघांत सांगतो.

मी सीटवर बसलो, रिव्हर्स टाकला. आणि सुरू झालं. भय्याजी दाखवतात डावीकडं, शेजारी दाखवतो उजवीकडं, धुऱ्यावरची चार माणसं आपापले हात हलवतात. दिपाली मान वळवून ओरडली, "बाबा, किसका सुनू मी?"

गाडी अजून चार बोटं खाली गेली. मी इंजिन बंद केलं.

"हात एकच पायजे," मी म्हणालो.

"मंग मी एकटा दाखवतो," भय्याजी म्हणाले.

"तुमचाच हात पाहून तं फसलो न जी."

सगळे हसले. भय्याजीही हसले, थोडं उशिरानं.

मी त्यांचा छोटा हत्ती घेतला, ती सामान वाहायची गाडी, आणि थेट सेक्टर 2 गाठलं, लहानूच्या पोराच्या क्वार्टरवर.

लहानू माझा सिग्नलवाला. बावीस वर्षं तो खाली, मी वर. दीड वर्षापूर्वी त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दर रविवारी मी जातो, दोघं चहा पितो, टीव्ही पाहतो. लोक हळहळतात, बिचाऱ्याशी काय बोलत असाल म्हणून. आधी तरी कुठं बोलत होतो.

लहानूची बायको, शेवंता वहिनी, दारातच आडव्या आल्या. "कोठी नेता भाऊजी यायले? चिखलात पडले तं? एक शब्द बोलता येत नाई त्यायले."

"बोलाचं कामच नाई वहिनी. ड्युटीवर बावीस वर्षं बोलला नाई तो माह्याशी."

"डॉक्टरनं बाहेर नेऊ नका म्हटलं."

"डॉक्टरले हार्वेस्टर काढता येते काय?"

लहानू खुर्चीत होता. मी त्याला सगळं सांगितलं, माती, उतार, दोर कुठं बांधला ते. तो ऐकत राहिला. मग डाव्या हाताचं बोट त्यानं पलंगाखाली केलं. तिथं त्याचे प्लांटातले बूट होते.

"चप्पल घाला न जी," वहिनी म्हणाल्या. "कोण पाहते तिथं?"

बोट हललं नाही. वहिनींनी खाली बसून बूट काढले, धूळ पुसली आणि घालून दिले. मग स्वतःच छत्री घेऊन गाडीत बसल्या. "मी बी येतो. तुमा दोघाईचा भरोसा नाई."

धुऱ्यावर प्लास्टिकची खुर्ची ठेवली. लहानूला जागा पटली नाही. बोट दाखवलं तिकडं खुर्ची नेली. तीही नाही. चौथ्या जागी त्यानं मूठ मिटली. मूठ म्हणजे थांब. तिथून त्याला मी दिसत होतो, दिपाली दिसत होती, आणि गाडीचं पोट.

"काका, मुझे भी दिख रहा है तुमचा हात," दिपाली ट्रॅक्टरवरून म्हणाली.

भय्याजींनी सवयीनं हात वर केला. लहानूनं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. भय्याजींनी हात खिशात घातला.

मग त्याचं एक बोट हललं, अगदी जरासं. जरासं म्हणजे हळू. मी हळू घेतलं, दिपालीनं हळू घेतलं. दोर ताणला. चिखलानं मोठा सुस्कारा सोडला आणि चाक वर आलं, आधी चार बोटं, मग वीत. धुऱ्यावरची माणसं नाचायला लागली. "निघाली, निघाली. ओढ."

लहानूची मूठ मिटली.

मी पाय उचलला. दिपालीनंही क्लच दाबला. गाडी तशीच तिरपी उभी राहिली.

"आता कावून थांबले?" भय्याजी खिशातला हात न काढता म्हणाले. "निघून राहिली न ती, घ्या न ओढून."

खरं सांगतो, माझ्याही मनात तेच होतं. अजून दोन फेरे, आणि चाक फळीवर. पावसाचे थेंब काचेवर पडायला लागले होते. पाय नुसता शिवशिवत होता. लहानूला विचारावं तर तो सांगणार कसा. आणि वर बसून विचारायची मला सवय नाही.

मूठ तशीच होती. मग तिच्यातून एक बोट निघालं आणि गाडीखाली गेलं.

दिपाली उतरली, गुडघ्यावर बसून वाकली. वर आली तेव्हा तोंड उतरलेलं. "बाबा, दोर मागच्या एक्सलवर चढून राहिला. थोडा और खींचते ना, तो पीछे का चक्का गया था."

केबिनमधून ते मला जन्मात दिसलं नसतं. भय्याजीच आधी चिखलात उतरले, पोटावर झोपून त्यांनी दोर खाली सरकवला, पुन्हा कसला. उठले तेव्हा नुसते डोळे पांढरे. दिपाली सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, आता तुमाले पेरून टाकू काय?"

पाऊस वाढला होता. लहानूचं बोट पुन्हा हललं. चाक फळीवर आलं, फळीवरून तणसावर, तणसावरून घट्ट मातीवर. मग अख्खी गाडी रस्त्यावर, दोन्ही चाकांतून चिखल गाळत, पण एकसंध.

लोकांनी टाळ्या पिटल्या. भय्याजी शिडीवर चढून केबिनपाशी आले. "बंद करा आता इवाई. चहा मांडला घरी."

मी इंजिन बंद केलं नाही.

"बाबा, बंद करो ना, कायले डिझल जाळून राहिले?"

"थांब," मी म्हणालो.

काम संपलं की सिग्नलवाला दोन्ही हात पोटापाशी एकमेकांत अडकवतो. ते दिसल्याशिवाय क्रेनवाला जागा सोडत नाही. मी लहानूकडं पाहत बसलो, तो माझ्याकडं.

त्यानं डाव्या हातानं मांडीवरचा उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि पोटावर ठेवला. बोटं सरळच राहिली. छत्री धरून उभ्या वहिनी मदतीला वाकल्या, आणि त्याच्या तोंडाकडं पाहून तशाच थांबल्या. मग त्यानं एकेक बोट मिटवलं. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं, पहिलं. अंगठ्याला जरा वेळ लागला. पाऊस छत्रीवरून त्याच्या बुटांवर पडत होता. शेवटी त्यानं डाव्या हाताची बोटं त्यांत अडकवली आणि मान वर केली.

मग मी चावी फिरवली.