गाडी मागे घेण्याचं कारण

रविता रहांगडालेला वर्षभरात सातव्यांदा उन्हाळी लागली तेव्हा पौष चालू होता आणि अंगणातल्या बादलीतलं पाणी हाताला चावत होतं. उन्हाळी म्हणजे लघवीची जळजळ. तिला ऋतूशी काही देणंघेणं नसतं. सासूबाईंनी, म्हणजे रामबाईंनी, धने भिजवले, जवाचं पाणी उकळलं आणि सातव्यांदा तेच विचारलं, "तू खाऊन काय राहिलीस बाई एवढं गरम?"

रविता काही गरम खात नव्हती. ती काही पीतही नव्हती, आणि सगळी गोम तिथंच होती.

ती नागझिऱ्याच्या जंगलात गाइड होती. खाकी गणवेश, खाकी टोपी, उघडी जिप्सी, पाळीचा नंबर लागेल त्या दिवशी सकाळी सहा ते दहा. दोनशे पाखरं ती आवाजावरून ओळखायची आणि ती तिला कोणी शिकवलेली नव्हती. ऐकून ऐकून आली होती. आत नियम एकच आणि सगळ्यांना सारखा: गाडीतून उतरायचं नाही. उतरायची मुभा फक्त तलावाकाठच्या विश्रामगृहापाशी. पण पाहुण्यांना वाघ पाहायचा असतो, विश्रामगृह नाही. "रेस्ट हाउस रहने दो, टाइम वेस्ट होगा," असं दहातले आठ पाहुणे म्हणायचे, आणि पाहुण्यांपुढे गाइड काय बोलणार?

यावरचा उपाय नंदाबाईनं काढलेला होता. नंदाबाई सगळ्यांत जुनी बाई-गाइड. ट्रेनिंगमध्ये जंगल खात्याच्या साहेबांनी झाडं, ठसे आणि नियम शिकवले. उरलेलं नंदाबाईनं शिकवलं. "उद्या नंबर असन तं आज दिवा लागला का पानी बंद. सकारी चहा नाई. तोंड सुकलं तं आवळ्याची फोड चघरायची." गेटवरच्या चारही बाया-गाइड हे पाळायच्या. कुठं लिहिलेलं नव्हतं, म्हणून कोणी मोडतही नव्हतं.

तर असं तीन वर्षं चाललं. मग जळजळ सुरू झाली. औषधवाल्याकडून पाच दिवसांच्या गोळ्या आणायच्या, दोन दिवसांत बरं वाटायचं, की उरलेल्या गोळ्या डब्यात. शेतकऱ्याच्या घरात उरलेलं टाकत नाहीत, मग ते बियाणं असो की गोळ्या. पुढच्या खेपेला त्याच काढायच्या. एकदा जाऊबाईला, मंजूला, तीन गोळ्या उसन्या दिल्या होत्या. मंजू चोख बाई. तिनं महिन्याभरानं तीनच्या तीन परत केल्या.

नोव्हेंबरात मात्र गोळ्यांनी हात टेकले. ताप चढला, थंडीनं दात वाजले, कमरेत कोणी पहार घातल्यासारखं झालं, आणि रविताला गोंदियाला भरती करावं लागलं. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले होते. आठ दिवस सलाईन. इकडे गाइडच्या यादीत तिचं नाव तळाला गेलं, आणि समितीचा ठराव असा होता: एका हंगामात दोनदा तब्येतीपायी नंबर चुकला तर नाव कमी. एकदा झालं होतं.

आणि आता पौषात ही सातवी खेप. उमेंद्रनं, तिच्या नवऱ्यानं, तिला मोटरसायकलवर पुन्हा गोंदियाला नेलं. उमेंद्र कमी बोलणारा माणूस. घरापासून गोंदियापर्यंत कुठल्या पेट्रोल पंपावरचा संडास उघडा असतो, कुठल्याला आतून कडी आहे, हे त्याला तोंडपाठ झालं होतं. तो प्रत्येक ठिकाणी न विचारता थांबायचा आणि उकिडवा बसून गाडीची चेन तपासायचा. ती येईपर्यंत चेन तपासून व्हायची नाही.

डॉक्टरीणबाईंनी लघवी कल्चरला पाठवली, तीन दिवसांनी कागद आला. चौदा औषधांची नावं होती. बारा त्या जंतूंवर चालत नव्हती.

"अर्धवट गोळ्या खाऊन खाऊन तुम्ही यांना पहलवान केलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोनच औषधं उरलीत, दोन्ही सुईतून द्यायची. आता कोर्स पूरा करायचा. रोज तीन लिटर पाणी. आणि दर दोन तासांनी जायचं. रोकना नहीं, बिलकुल नहीं. परत किडनीपर्यंत गेलं तर मी जबाबदार नाही. काम काय करता?"

"गाइड आहे. जंगलात."

"मग तर सोपं आहे, जंगलच आहे."

"उतरता येत नाही, मॅडम."

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवला. मग एक चिठ्ठी लिहिली: यांना दर दोन तासांनी लघवीसाठी थांबू द्यावे. खाली सही, शिक्का. "हे तुमच्या साहेबांना द्या."

आता साहेब म्हणजे कोण, तर पुरनलाल. जंगल खात्यातून रिटायर झालेले, गावच्या समितीतर्फे गेटवर बसून गाइडचे नंबर लावणारे आणि रजिस्टर लिहिणारे. माणूस सरळ होता. पण उमेंद्रचे सख्खे काका, म्हणजे रविताचे चुलत सासरे. त्यांच्या घरात सून चुलत सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेते आणि तोंड उघडत नाही. गेटवर पदर नव्हता, म्हणून रविता टोपी भुवयांपर्यंत खाली ओढायची. पुरनलाल तिच्याकडे न पाहता ड्रायव्हरला सांगायचे, "धर्मेंद्र, तिले सांग, तीन नंबरची गाडी." दीड हातावर उभ्या असलेल्या रविताकडे वळून धर्मेंद्र म्हणायचा, "वयनी, तीन नंबरची गाडी." ती मान हलवायची. चार वर्षांत कामाचं कधी काही अडलं नव्हतं. फक्त लघवी हा शब्द त्या वाटेनं कसा पाठवायचा, ते कोणाला ठाऊक नव्हतं.

तिनं चिठ्ठी उमेंद्रला दिली. "काकाजीले तुम्ही द्या."

"देतो ना," उमेंद्र म्हणाला, आणि चिठ्ठी खिशात घालून तीन दिवस काकांच्या घरी जाऊन आला. पहिल्या दिवशी धानाच्या भावाबद्दल बोलणं झालं, दुसऱ्या दिवशी हवेबद्दल. तिसऱ्या दिवशी तो खिशापर्यंत हात नेऊन परत आला. चौथ्या दिवशी शर्ट धुतला गेला.

सात दिवसांच्या सुया रवितानं पूर्ण केल्या, एकही उरवली नाही. मग माघात तिचा नंबर लागला. आदल्या संध्याकाळी दिवा लागला आणि तिनं नेहमीप्रमाणे लोटा पालथा घातला. घातला आणि पाहत बसली. मग सरळ केला, भरला आणि प्याली. पहाटे आणखी दोन लोटे. ठरवलं, की आज पाहुणे काहीही म्हणोत, आठ वाजता गाडी विश्रामगृहाला लावायची.

पाहुणे नागपूरचे होते, नवरा-बायको. नवऱ्याच्या गळ्यात लहान लेकराएवढा कॅमेरा. ही त्याची सतरावी सफारी. सोळा वेळा त्याला वाघ दिसला नव्हता. हे तो चिडून नाही, एखाद्या दुखण्यासारखं सांगायचा. रविताला त्याची दया आली.

पावणेआठला, विश्रामगृह सव्वा किलोमीटरवर असताना, वाघीण रस्त्यावर येऊन बसली.

अशी बसली की जणू तिचा नंबर होता. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना बांबू. धर्मेंद्रनं इंजिन बंद केलं. पाठीमागून एक गाडी आली, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या एकामागे एक उभ्या. कॅमेरा खटखटू लागला. नागपूरच्या साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

आठ वाजले. सव्वाआठ झाले. वाघीण एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झाली. रविता सीटच्या कडेवर बसली होती, गुडघे जुळवून, आणि पाखरांची नावं मनातल्या मनात उलटी म्हणत होती. ओटीपोटात खडा बसला होता. साडेआठ. दोन तास केव्हाच होऊन गेले होते.

तेवढ्यात वाघीण उठली. ऐनाच्या झाडापाशी गेली, पाठ केली, शेपूट उभी केली आणि बुंध्यावर एक लांब फवारा मारला. मग परत रस्त्यात येऊन बसली.

"ये क्या किया उसने?" बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"मॅडम, लघवी," रविता तिच्या गाइडच्या आवाजात म्हणाली. हे वाक्य ती चार वर्षं मराठीत, हिंदीत आणि मोडक्या इंग्रजीत बोलत आली होती. "त्यावरून दुसऱ्या वाघाला कळतं की ही तिची जागा आहे. वासावरून वय कळतं, तब्येत कळते. यात ती काही लाजत नाही." ती थांबली, आणि आवाज न बदलता पुढे म्हणाली, "मलाही जायचं आहे. धर्मेंद्र, गाडी मांगं घे."

धर्मेंद्रनं तिच्याकडे पाहिलं. "वयनी, समोर वाघ आहे."

"मले दिसून राहिला."

"मॅडम, प्लीज," साहेब कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले. "पाच मिनट. सतरा बार आया हूँ."

"साहेब, माझीही सातवी वेळ आहे," रविता म्हणाली. कसली, ते त्यांनी विचारलं नाही. "घे मांगं."

पुढे वाघीण होती, तेव्हा मागे गेल्याशिवाय दुसरा रस्ता नव्हता. मागच्या फाट्यावरून फिरून विश्रामगृहाला जाणारी एक वाट होती. आणि मागे जायचं तर मागच्या तिन्ही गाड्यांनीही मागे जायला हवं होतं. धर्मेंद्रनं मागच्या ड्रायव्हरला कारण सांगितलं. त्यानं पुढं सांगितलं. रविताच्या गाडीत ते 'लघवी' होतं, मागच्या पहिलीत 'बाथरूम' झालं, दुसरीत 'तबियत', आणि शेवटच्या गाडीत नंदाबाई गाइड होती, तिच्यापर्यंत पोचलं ते 'रविता सीरियस आहे' असं. गाड्या निमूट मागे सरकल्या. वाघ सोडून माणूस मागे जातो ते मरणाच्याच कारणानं, अशी सगळ्यांची समजूत.

विश्रामगृहापाशी रविता संडासातून बाहेर आली तर नंदाबाई धावत येत होती. "काय झालं माय?"

"लघवीले लागली होती."

"एवढंच?" नंदाबाई जागच्या जागी थांबली. "अवो, मंग दाबाची ना! वाघ सोडला तूनं?"

"दाबूनच तं नोव्हेंबरात मरून राहिली होती."

नंदाबाईनं तलावाकडे तोंड फिरवलं. मग ती आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. "आलीच होती तं," ती म्हणाली.

परत येईपर्यंत वाघीण निघून गेली होती.

दहा वाजता नागपूरच्या साहेबांनी गेटवर तक्रारीच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: गाइडने वैयक्तिक कारणासाठी वाघासमोरून गाडी मागे घ्यायला लावली. सही केली, रविताला नमस्कारही केला, कारण माणूस वाईट नव्हता, आणि गेले.

पुरनलालांनी तक्रार वाचली. चष्मा पुसला, परत वाचली. टेबलाशी इतर गाइड आणि ड्रायव्हर जमले होते. सीरियस माणूस कसा दिसतो ते पाहायला. रविता टोपी खाली ओढून दीड हातावर उभी होती.

"धर्मेंद्र, तिले विचार, गाडी काऊन मांगं घेतली?"

"वयनी, काकाजी विचारून राहिले, गाडी काऊन मांगं घेतली?"

रवितानं टोपी आणखी खाली ओढली. धर्मेंद्रला तिची कीव आली. "काकाजी, तब्येत लिहा ना. तब्येत बिघडली होती."

पुरनलालांनी मान हलवली. तब्येत हा सोयीचा शब्द होता. त्यात सगळं झाकलं जातं. त्यांनी कारणाच्या रकान्यात पेन टेकवला आणि 'त' काढला.

रविताला तो 'त' उलटा दिसला, तरी वाचता आला. तब्येतीपायी दुसऱ्यांदा. म्हणजे नाव कमी. म्हणजे उद्यापासून पाखरं अंगणातून ऐकायची, जेवढी येतील तेवढी.

तिनं टोपी वर केली.

"काकाजी, तब्येत नका लिहू. लघवी लिहा."

टेबलाशी कोणीतरी खोकलं. पुरनलालांचा पेन जागीच होता. तिच्या लग्नापासूनच्या चौदा वर्षांत त्यांनी सुनेचा आवाज शेजारच्या खोलीतून ऐकला होता; समोरून हा पहिला.

"मी आजारी नाई," रविता म्हणाली. "दोन तासांनी जाऊ देलं तं मी आजारी पडत नाई. नाई जाऊ देलं तं पडते. मंग भरती व्हा लागते. डॉक्टरीणबाईनं तसं लिहून देलं होतं."

पुरनलालांनी धर्मेंद्रकडे पाहिलं. धर्मेंद्रनं सांगायला तोंड उघडलं. सगळं सांगून झालं होतं.

"कुठं आहे कागद?" पुरनलालांनी विचारलं. रजिस्टरकडे पाहूनच, पण विचारलं तिलाच.

"तुमच्या पुतण्याच्या खिशात धुतला गेला."

"तरीच. तीन दिवस येऊन बसला. मले वाटलं, वाटणीचं बोलाचं आहे." त्यांनी 'त' खोडला. "जळजळ होते?"

"होते."

"रक्त?"

"मांगच्या वेळी होतं."

"रात्री किती वेळा उठतेस?"

"चारदा."

"मी पाचदा," पुरनलाल रजिस्टरला म्हणाले, आणि कारणाच्या रकान्यात सावकाश, एकेक अक्षर लावत, 'लघवी' लिहिलं. मग पुढं लिहीत, मोठ्यानं वाचत गेले. "गाइडला दर दोन तासांनी विश्रामगृहाला थांबू द्यावे. पाहुण्यांना गेटवरच सांगावे. बायांना सगळ्यांनाच." पान उलटलं. "पन तक्रार आहे, म्हनून आठ दिवस नंबर बंद. तो नियम मी नाई मोडत."

"नका मोडू," रविता म्हणाली. "नाव राहू द्या म्हंजे झालं."

"नाव आहे." त्यांनी सही केली, नवा कागद काढला. "दुसरी चिठ्ठी आन. फाइलला लावा लागते. डॉक्टर कोन आहे तुही? बाप्यांचं पन पाहते का?"

"विचारून सांगते."

धर्मेंद्र अजून दोघांच्या मधोमध उभा होता, आधी इकडे आणि मग तिकडे मान करत.

"अना तू कायले उभा आहेस इथं मंधात?" पुरनलाल म्हणाले. "जा, गाडी धू."