वन्समोअर

“यंदा तुमी नोको चढू वधस्तंभावर,” मी म्हणाले. माझ्या हातात ह्यांच्या पांढऱ्या झग्याची सेफ्टी पिन होती आणि मी ती मुद्दाम लावत नव्हते.

“काहून?”

“काहून म्हणता? जागेश्वर शिपाई होऊन राहिला. त्याच्या काकाच्या विरुद्ध मंगळवारी तुमची साक्ष. आन् आज त्याच्याच हातात कोडा.”

“नाटक हाय थे, लीला.”

“तुमच्यासाठी हाय नाटक.”

ह्यांनी पिन माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच खांद्यावर लावली. वाकडी लावली. मग हळूच म्हणाले, “नाही चढलो तं गाव म्हणन, परसराम भेला. भेलेल्या माणसाची साक्ष कोण आयकन?”

कपाळ माझं. मी पिन काढून सरळ लावून दिली.

एकोणऐंशी सालची गोष्ट. लाखनीच्या पुढे, हायवेपासून आत आमच्या मिशनचा दवाखाना होता. मागे आम्हा ख्रिस्ती लोकांची मोजकी घरं. हे दवाखान्यात ड्रेसर. जखमा धुवायचे, पट्ट्या बांधायचे. गाव ह्यांना कंपाउंडर म्हणे, आणि ह्यांनीही कधी दुरुस्त केलं नाही. अंगानं काटकुळे, दाढी राखलेली, म्हणून दर उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, येशू व्हायचा मान ह्यांचा. मी मरिया, त्याची आई. शिपाई मात्र आमच्यात कधी मिळाला नाही. देवाच्या पाठीवर कोडा, म्हणजे चाबूक, उगारायला मिशनमधल्या एकाचाही हात उठेना. म्हणून चर्चच्या जुन्या पाळकसाहेबांनी तोडगा काढला होता, शिपाई गावच्या नाटक मंडळातून आणायचे. ती पोरं दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, नाटक करायची, उन्हाळ्यात रिकामीच असायची. खुशीनं यायची.

आणि त्यांच्या मागे अख्खं गाव यायचं. गावाला ख्रिस्त ठाऊक नव्हता, नाटक ठाऊक होतं. आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हणजे जीव. एखादं गाणं आवडलं, तलवारीची लढाई आवडली, की लोक ‘वन्समोअर’ म्हणून ओरडणार आणि नटानं ते पुन्हा करून दाखवायचं. नाही केलं तर मंडप डोक्यावर घेतील. जुने पाळकसाहेब म्हणूनच आधी हात जोडून सांगायचे, बाबांनो, हे नाटक नाही, ही उपासना आहे, इथे वन्समोअर नको. लोक ऐकायचे. त्या वर्षी पाळकसाहेब नवीन आले होते, दूरच्या गावचे. त्यांना हे सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

कोडाही खोटाच असे. अंबाडीच्या वाखाची वेणी, लाल रंगाच्या पाण्यात भिजवलेली. पाठीवर मारली की लागत नसे, पण लाल पट्टा उठे. हे असे विव्हळायचे की बायका पदर डोळ्याला लावत. घरी आल्यावर मी चिडवायची, “केवढे बोमलता, खरंच लागते का काय?” हे हसायचे आणि पाठ धुवायला माझ्यापुढे करायचे.

आता पंचफुलाचं सांगते, कारण सगळं तिच्यापासून सुरू झालं. पंचफुला शेजारच्या टोलीतली, म्हणजे वस्तीतली, बौद्ध घरची, विधवा. एक तुकडा धानाची जमीन. आदल्या आषाढात पावसानं दडी मारली, तिचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाळायला लागले. वर जागेश्वरच्या काकाची, यादोरावची, बोडी भरलेली. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेततळं. हिनं बांध थोडा फोडून पाणी खाली घेतलं. यादोरावनं तिला तिथेच धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, गाठलं आणि कुऱ्हाडीच्या दांड्यानं झोडपलं. डोकं फुटलं, हात मोडला. त्याच्या वावरात धानाची रोवणी करणाऱ्या बाया होत्या, सगळ्या खाली मान घालून रोवत राहिल्या. हे लस टोचायला टोलीत गेले होते, सायकलवरून परत येत होते. ह्यांनी डोळ्यांनी पाहिलं. सायकल टाकून धावले, तिला उचलून आणली. यादोराव दवाखान्यात येऊन सांगून गेला, “घसरून पडली, परसराम. तसंच लिव्ह.” ह्यांनी तसं लिहिलं नाही. पोलिसात जाऊन जे पाहिलं ते सांगितलं. त्याचीच तारीख मंगळवारी भंडाऱ्याला होती.

मधल्या महिन्यांत काय काय नाही झालं. आमची शेळी मेलेली सापडली. ह्यांच्या सायकलची ट्यूब दर आठ दिवसांनी फाटायची. हे म्हणायचे, “ट्यूबच हाय ना, आंग तं नाही.”

तर त्या शुक्रवारी दुपारी ऊन असं की जमिनीवर पाय ठरेना. आवारातल्या मोहाच्या झाडांखाली गाव दाटीनं बसलेलं. पुढे खुर्चीवर यादोराव, पांढरंशुभ्र धोतर, पान खात. मागे टोलीची माणसं, त्यांत पंचफुला, जखमेचा वण पदरानं झाकून.

पाळकसाहेबांनी प्रवचन चांगलं केलं. म्हणाले, वधस्तंभ ही रोमी सरकारची शिक्षा. मोठ्या माणसांना नाही द्यायचे, गुलामांना द्यायचे, बंड करणाऱ्यांना द्यायचे. तीही रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्यानं पाहावं म्हणून. टांगलेला तर मरणारच असतो, शिक्षा पाहणाऱ्याला असते. लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. प्रवचनात आपण काय ऐकतो ते आपल्याला कुठे कळतं.

मग जागेश्वर आला. मंडळाचा नामी खलनायक तो. लाल पटका, कमरेला पट्टा. त्यानं ह्यांचा झगा पाठीवरून खाली ओढला आणि पहिला फटका मारला.

मला पहिल्याच फटक्याला समजलं. कारण हे ओरडले नाहीत. दर वर्षी खोट्या फटक्याला बोंबलणारा माणूस, त्याचं तोंड मिटलेलं आणि पाठीचं कातडं घोड्याच्या कातड्यासारखं थरथरलं. दुसऱ्या फटक्याला अंबाडीच्या वेणीतून तार चमकली. सायकलच्या ब्रेकची तार. लाल पट्टे उठत होते, दर वर्षी उठायचे तसेच. रंग कोणता आणि रक्त कोणतं, लांबून कुणाला दिसणार?

मी जवळच उभी होते, निळा पदर घेऊन. जागेश्वर खाली वाकून ह्यांच्या कानाशी म्हणाला, “मंगळवारी कोठी जाशीन, कंपाउंडर?”

“भंडाऱ्याले,” हे म्हणाले.

पुन्हा फटका. पुन्हा तेच विचारलं. पुन्हा तेच उत्तर. ह्यांच्या तोंडी त्या प्रसंगात एकही वाक्य नसतं, पण लोकांना काय त्याचं. लोक खूश होते. जागेश्वरचा हात आज काय फिरत होता, काय आवाज येत होता. आणि मागून कुणीतरी ओरडलं, “वन्समोअर!”

मग सगळेच ओरडले. यादोराव खुर्चीवरून अर्धा उठला आणि हात वर करून म्हणाला, “जागेश्वरले माह्याकडून बक्षीस. होऊन जाऊ दे.” टाळ्या पडल्या. जागेश्वरनं मंडईत करतो तसा लोकांना मुजरा केला, आणि सगळे फटके पहिल्यापासून पुन्हा मारले.

मी धावले. त्याचा हात धरला, लोकांकडे वळून ओरडले, “खरंच मारून राहिले जी. तार हाय त्याच्यात. सोडवा माह्या माणसाले, कोणीतरी उठा.” माझा आवाज फाटला. पुढच्या बाया रडायला लागल्या. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, “मायबाई, यंदा लीलाबाईनं काय काम केलं वं.” आणि मेले पुन्हा ओरडले, वन्समोअर. माझ्या रडण्यालाही वन्समोअर. आजही कुणी टाळ्या वाजवल्या की मी तिथून उठते.

पाळकसाहेब कडेला पुस्तक घेऊन उभे. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना वाटलं, इतक्या वर्षांनी गावाला प्रभू भेटला.

मी सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली. एकटी पंचफुला ओरडत नव्हती. ती ह्यांच्या पाठीकडे बघत होती. मग उठली आणि कुणाला न सांगता आवाराबाहेर निघून गेली.

वधस्तंभ आमच्या सुतारानं बिजाच्या लाकडाचा केलेला. पायाखाली एक फळी असे, तिच्यावर हे उभे राहायचे, हात नुसते दोरीत अडकवलेले. त्या दिवशी फळी नव्हती. शिपायांनी आधीच काढून मागे गवतात टाकली होती. दोऱ्या ओल्या करून आवळल्या आणि ह्यांना वर केलं. सगळा भार दोन मनगटांवर आणि काखेत. मी खाली उभी, दोन शिपाई मला धरून. नाटकातही ते मला धरतातच.

येशूची वधस्तंभावरची सात वाक्यं असतात. मध्ये मध्ये गीतं, प्रार्थना, त्यामुळे बराच वेळ जातो. पहिलं वाक्य क्षमेचं. आपण काय करतो ते या लोकांना कळत नाही, तर बापा, त्यांना माफ कर, असं ते. पाळकसाहेबांनी खूण केली. हे गप्प. त्यांना वाटलं विसरले, त्यांनी हळूच वाक्य सांगितलं. हे गप्प. पुन्हा सांगितलं. ह्यांनी मान फिरवली आणि सरळ पुढचं वाक्य म्हटलं. नंतरची सगळी म्हटली, एकेक शब्दाला दम घेत. तहानेच्या वाक्याला काठीवर कापसाचा बोळा वर करतात. दर वर्षी मी तो गुळाच्या पाण्यात भिजवायची. जागेश्वरनं वर केला तो कोरडा होता. ह्यांनी तोंड लावलं आणि बाजूला केलं. शेवटी आत्मा बापाच्या हाती सोपवायचं वाक्य. ते इतकं हळू म्हटलं की फक्त मी ऐकलं.

खाली उतरवलं तेव्हा उजवा हात मनगटातून लोंबत होता. लोक पाया पडायला आले. आमच्याकडे देवाचं सोंग घेतलेल्या नटाच्या पाया पडतात. यादोरावही आला, वाकला, म्हणाला, “काम चांगलं झालं, परसराम. आता आराम कर. मंगळवारी कोठी नोको जाऊ.”

घरी पाठ धुतली. चिडवायला काही नव्हतं. मी विचारलं, “थे पह्यलं वाक्य काहून नाही म्हटलं?”

हे पालथे पडले होते. म्हणाले, “थे समजून करून राहिले होते, लीला. मंग कसं म्हणू?”

मंगळवारी आम्ही भंडाऱ्याला गेलो. कारध्याचा पूल ओलांडताना एसटीत हे खिडकीशी बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. कोर्टात आधी पंचफुलाला बोलावलं. सरकारी वकिलानं विचारलं, काय झालं ते सांग. तिनं न्यायाधीशांकडे पाहिलं नाही, यादोरावकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, “मी धुऱ्यावरून घसरली, सायेब. मले कोणी मारलं नाही.”

सरकारी वकिलानं कागद टेबलावर टाकले. मग ह्यांना बोलावलं. शपथेला हात वर करायचा तर उजवा उठेना, ह्यांनी डावा वर केला. पाहिलं ते सगळं सांगितलं, दांडा, धुरा, रोवणीच्या बाया. यादोरावचा वकील हसून म्हणाला, जिला मारलं तीच नाही म्हणते, तुम्हाला कुठून मार दिसला? कोर्टात लोक हसले. यादोराव सुटला. बाहेर जागेश्वर सगळ्यांना चहा पाजत होता, आम्हालाही विचारलं.

मला राहवलं नाही. पंचफुला भिंतीशी उभी होती, तिला मी गाठली. “काहून वं? माह्या माणसाचा हात गेला तुह्यापायी. त्यानं तोंड नाही उघडलं, आन् तू?”

ती रागावली नाही, रडली नाही. म्हणाली, “बाई, तुमच्या माणसाले साऱ्या गावासमोर मारलं. खरंच मारून राहिले हे मले पह्यल्या फटक्यालेच समजलं, माह्या आंगाले ठाऊक हाय थो आवाज. आन् लोकं म्हणत होते, पुन्हा मारा. मी तं वावरात एकटी रायते.”

मला पाळकसाहेबांचं प्रवचन आठवलं. शिक्षा पाहणाऱ्याला असते.

हात काही परत आला नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काखेतली शीर दबून मेली. मनगट उचलेना, बोटांत पकड राहिली नाही. दवाखान्यानं ह्यांना काढलं नाही एवढं खरं. हे डाव्या हातानं जखमा धुवायचे आणि पट्टीची गाठ दातात धरून मारायचे. पुढच्या वर्षी पाळकसाहेब विचारायला आले. मागच्या वर्षीसारखं जिवंत काम पुन्हा व्हायला हवं, गाव अजून आठवण काढतं, म्हणाले. मी त्यांना चहा दिला नाही. हे म्हणाले, “नाही जमणार, सायेब,” आणि हात दाखवला. बाकी काही तेव्हाही सांगितलं नाही.

त्या पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, पंचफुला दवाखान्यात आली. चिखलात काचेचा तुकडा पायात गेलेला. मी ह्यांचा डबा घेऊन गेले होते. तिला पाहून माझं डोकं फिरलं, दारातूनच म्हणणार होते, जा लाखनीच्या दवाखान्यात. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. स्टूल पुढे ओढलं, तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला, डाव्या हातानं चिमटा धरून काच काढली, धुतलं, औषध लावलं. पट्टी गुंडाळली. टोक दातात धरलं आणि गाठ मारायला लागले. गाठ सैल पडली. सोडून पुन्हा मारली, पुन्हा सैल पडली. कपाळावर घाम आला.

पंचफुला खाली वाकली आणि तिनं गाठीवर बोट दाबून धरलं. ह्यांनी दातांनी टोक ओढलं. गाठ बसली. तरी तिनं बोट लगेच काढलं नाही, आणि ह्यांनीही काढ म्हटलं नाही. मी डबा टेबलावर ठेवला आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.